तीस फुटी ट्रेलर घेऊन डोंगरातल्या उद्यानात राहावे का?

घोडबंदरकर

पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर आमच्या ओळखीतली तीन जोडपी मुलांकडे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला जाणार आहेत. तेथून तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर भाड्याने घेऊन रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात आठवडाभर मुक्काम करायचा, असा बेत ठाण्यातल्या उपवन तलावावरच्या संध्याकाळच्या फेरीत सध्या रंगतो आहे. माझा त्याला विरोध आहे आणि तो लेखी मांडतो, कारण तोंडी बोललो की ‘तुम्हाला घराबाहेर पडायचेच नसते’ एवढ्यावर विषय गुंडाळला जातो.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअपमागे जोडून ओढायचे घर. पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, न्हाणी सगळे आत. खासगी तळांवर या घराला वीज, नळ आणि सांडपाण्याची नळी जोडून मिळते; या उद्यानातल्या बहुतेक जागांवर त्यातले काहीच मिळत नाही. लागेल ते टाक्यांत, बॅटरीत आणि गॅसच्या सिलिंडरमध्ये भरून न्यायचे आणि निघेल ते टाकीत साठवून ठरलेल्या ठिकाणी रिकामे करायचे. तंबूवाल्याला हा हिशेब जमतो. तीस फुटी घराला तो जमवता जमवता माणसाचा दिवस जातो आणि शेवटी कंटाळून तो जनरेटर लावतो. 1915 मध्ये जी जमीन उद्यान म्हणून राखून ठेवली, तिथे जाऊन आपण ठाण्यातल्या लग्नाच्या हॉलमागचा आवाज ऐकणार असू, तर एवढा विमानखर्च कशासाठी?

दुसरा मुद्दा लांबीचा. त्याच उद्यानातल्या ओल्ड फॉल रिव्हर रोडवर ट्रेलरला प्रवेश नाही आणि 25 फुटांपेक्षा लांब वाहनालाही नाही. मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या डोंगरी टप्प्यात 21 फुटांहून लांब किंवा 8 फुटांहून रुंद वाहन चालत नाही, आणि ही लांबी बंपरसकट मोजतात. डोंगरातल्या रस्त्यांनी आपले मत सांगून टाकले आहे, ते आपण का ऐकू नये?

तिसरा मुद्दा चालकाचा. भरलेला ट्रेलर तीन-साडेतीन हजार किलोंच्या घरात जातो. तो मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवले की ट्रेलरचे शेपूट उजवीकडे जाते. उतारावर खालचा गिअर न टाकता ब्रेकवर भिस्त ठेवली, तर ब्रेक तापून निकामी होतात. हे सगळे साठीच्या उंबरठ्यावर, उजवीकडून चालणाऱ्या रहदारीत शिकायचे, हे मला शहाणपणाचे वाटत नाही.

नौपाडेकर

आपण ज्या तीन जोडप्यांविषयी लिहिले आहे त्यांतले एक आमचे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. चालकाचा मुद्दा आधी निकालात काढते: ट्रेलर जावई ओढणार आहेत, आणि ते तिकडे वर्षानुवर्षे बोट ओढत आले आहेत. आम्ही कोणीही स्टिअरिंगला हात लावणार नाही.

रस्त्यांचे उदाहरण मला लागू वाटत नाही. ट्रेलर मुक्कामाच्या जागेवर एकदा उभा केला की तिथेच राहतो. फिरायचे ते पिकअपने. उद्यानातल्या ट्रेल रिज रोडवर 12,183 फुटांपर्यंत चढायचे आहे, ते घर मागे बांधून नव्हे.

आता तंबूविषयी. ‘तंबूवाल्याला जमते’ हे वाक्य गुडघे शाबूत असलेल्या माणसाचे आहे. माझ्या सासूबाई खाली बसल्या तर दोघांनी धरून उठवावे लागते, यजमानांना रात्री सीपॅप यंत्र (झोपेत श्वास अडू नये म्हणून नाकातोंडावाटे दाबाने हवा देणारे) लावावे लागते आणि रात्रीतून दोनदा संडासला जावे लागते. अंधारात, गारठ्यात, टॉर्च घेऊन सार्वजनिक संडासापर्यंत चालणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी डोंगर फक्त फोटोत पाहावा काय? हॉटेलचा पर्याय आहे, हे मला ठाऊक आहे. पण पहाटे दार उघडले की समोर एल्क हरणे चरताहेत, हे हॉटेलच्या वाहनतळावरून रोज दिसत नाही.

शिवाय तिथे अस्वले आहेत. खाण्याचे जिन्नस तंबूत ठेवता येत नाहीत. ते बंद वाहनात, टणक भिंतींच्या ट्रेलरमध्ये किंवा लोखंडी पेटीत ठेवावे लागतात. म्हणजे या एका बाबतीत तरी ट्रेलर तंबूपेक्षा उद्यानाच्या शिस्तीला जवळचा आहे. आणि तो आखून दिलेल्या कडक जागेवरच उभा राहतो, कुरणातल्या गवतावर नाही.

ऐरोली सेक्टर 8

वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस आहे, म्हणून दोन्ही बाजूंची भावना क्षणभर बाजूला ठेवून आकडे देतो.

भाड्याच्या साध्या ट्रेलरमध्ये बहुधा 12 व्होल्टची, 100 अँपिअर-तासांच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचे हे माप) आसपासची एक लेड-ॲसिड बॅटरी असते. ती निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून हातात धरायचे 50 अँपिअर-तास. उद्यानातल्या मुक्कामाच्या जागा आठ हजार फुटांच्या पुढे आहेत, तिथे ऑगस्टअखेरही रात्री हीटर लागतो. तो गॅसवर चालतो हे खरे, पण त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि सुमारे 7 अँपिअर घेतो. रात्रीच्या दहा तासांत पंखा निम्मा वेळ फिरला, तरी 35 गेले. सीपॅपचा पाणी तापवणारा भाग बंद ठेवला आणि यंत्र 30 ते 40 वॉट घेते असे धरले, तर आठ तासांत आणखी 20 ते 27 गेले. बेरीज हातातल्या पन्नासांच्या पुढे जाते, आणि यात दिवे आणि पाण्याचा पंप धरलेलाच नाही. पहाटे चारला हीटर थंड पडेल आणि यंत्रही बंद होईल. नौपाडेकर ताई, ही गोष्ट भाडेकरार करण्याआधी विचारून घ्या.

लिथियम बॅटरी असेल तर तेवढ्याच क्षमतेत बरेच जास्त वापरता येते. मात्र ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती ट्रेलरच्या आत, उबेत बसवलेली आहे का ते पाहावे. छतावरचे 200 वॉटचे सोलर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला 800 वॉट-तासांच्या आसपास देते. पाइनच्या सावलीत जागा मिळाली तर त्याच्या निम्मेही मिळेल याची खात्री नाही. सावलीची जागा सुखाची आणि उन्हाची जागा विजेची, यातले एक निवडावे लागते.

जनरेटरचा भरवसाही उंचीवर कमी होतो. हवा विरळ झाल्यामुळे दर हजार फुटांमागे साडेतीन टक्क्यांच्या आसपास ताकद घटते, म्हणजे आठ हजार फुटांवर चौथ्या हिश्शाहून अधिक. 13,500 बीटीयूचा, म्हणजे टनाहून थोडा मोठा एसी अशा दमलेल्या छोट्या जनरेटरवर सुरूही होणार नाही. अर्थात तिथे एसी लावायचाच कशाला, हा प्रश्न मी घोडबंदरकरांच्या बाजूने विचारतो.

घोडबंदरकर

ऐरोलीकरांच्या आकड्यांनी माझेच म्हणणे पुढे नेले आहे. बॅटरी पहाटे संपणार असेल, तर सकाळी जनरेटर लागणारच. उद्यानात त्याला सकाळ-संध्याकाळचे ठरावीक तास असतात आणि काही भागांत तो लावायलाच मनाई असते, म्हणजे त्याचा उपद्रव होतो हे व्यवस्थापनालाही मान्य आहे. शेजारच्या तंबूतल्या माणसाने ते दोन-तीन तास काय करावे?

गुडघ्यांचा मुद्दा मला पटतो. पण सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तीस फूट लागत नाहीत. वीस फुटांतही पलंग आणि संडास मावतो. उरलेले दहा फूट सोफ्यासाठी आणि टीव्हीसाठी आहेत. सोय आणि ऐषआराम यांच्यात फरक आहे, आणि डोंगरात तो करावा लागतो.

वाशीची गृहिणी

विजेवर सगळे बोलतात, पाण्यावर कोणी बोलत नाही. नातेवाइकांबरोबर अशा ट्रेलरमध्ये राहून आले आहे, आणि मुक्काम लवकर आवरायला लागतो तो बॅटरीमुळे नव्हे, मोरीमुळे.

ट्रेलरला तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि संडासाची. सहा माणसे आपल्या सवयीने राहिली तर दीड-दोनशे लिटरची टाकी दोन दिवस पुरत नाही. पण त्याआधी सांडपाण्याची टाकी भरते. ती भरल्याची सूचना देणारे दिवे आत चिकटलेल्या तेलकटपणामुळे खोटे बोलू लागतात, आणि मग एके सकाळी सिंकमध्ये ओतलेले चहापत्तीचे पाणी न्हाणीच्या तळातून वर येते, कारण सर्वांत सखल जागा तीच. कढई घासलेले, हळदीच्या रंगाचे ते पाणी पायाखाली आले, की निसर्गसान्निध्य वगैरे सगळे विसरायला होते.

ते बाहेर जमिनीवर सोडता येत नाही. उद्यानात तशी मनाई आहे, आणि अन्नाचा वास जनावरांना बोलावतो. म्हणजे ट्रेलरचे टेकूचे पाय उचलून, पायऱ्या मिटवून, अख्खे घर पुन्हा पिकअपला जोडून डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागी, न्यायचे, किंवा चाकांची छोटी फिरती टाकी जवळ ठेवायची. दुसरा मार्ग उत्तम, पण ती टाकी भाड्यात मिळते का, ते विचारा. स्पष्टच लिहायचे तर, संडासात आपल्या लोकांना तांब्याभर पाणी लागते, तिथल्या टाकीचा हिशेब मात्र अर्ध्या लिटरचा असतो. त्यामुळे माझा विरोध ट्रेलरला नाही, सहा माणसांना आहे. तिघे जा, भांडी पुसून मग धुवा, अंघोळ एक दिवसाआड करा, आठवडा निघतो.

आणि कुकर न्या. त्या उंचीवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळते, उघड्या पातेल्यात तूरडाळ गॅस संपला तरी शिजत नाही.

कोपरीकर

चर्चा कोलोरॅडोची आहे हे मान्य, पण उपवनच्या त्याच फेरीत ‘तिकडून आल्यावर असाच एक ट्रेलर बनवून घेऊ आणि माळशेजला नेऊ’ असे वाक्य मी स्वतः ऐकले आहे, म्हणून लिहितो. कामानिमित्त माझे मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत सतत जाणे असते.

राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरावॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात कॅरावॅनसाठी तळ उभारण्याची कल्पनाही आहे. कल्पना वाईट नाही. पण ज्या गोष्टीमुळे रॉकी पर्वतातला मुक्काम निभावतो, ती म्हणजे आखलेली जागा, भरायला नळ आणि रिकामे करायला डंप स्टेशन. माळशेज घाटाच्या वर किंवा खाली संडासाची टाकी कुठे रिकामी करणार? त्याचे खरे उत्तर ओढ्यात असे आहे, आणि ते कोणी तोंडाने बोलणार नाही. गावातल्या शौचालयाच्या टाकीत ओतले, तर ट्रेलरमधले दुर्गंधीनाशक रसायन त्या टाकीतले जिवाणू मारू शकते. मग गावाने काय करायचे?

आणि पाणी. भातसा, तानसा आणि मोडकसागर यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तिथे जाऊन दोनशे लिटरची टाकी कोणाच्या विहिरीवर भरायची? येऊरचा विषय तर काढूच नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, आणि परवानगीवाचून मुक्काम हा गुन्हा ठरतो. बिबट्याच्या हद्दीत कढईचे सांडपाणी सोडणाऱ्याला कायद्याआधी अक्कल शिकवायला हवी.

नेरूळ पूर्व

कोपरीकरांचा राग योग्य असला, तरी निष्कर्ष घाईचा आहे. डंप स्टेशन नाही म्हणून ट्रेलर नको, असे म्हटले तर डंप स्टेशन कधीच होणार नाही. कृषी पर्यटन केंद्रांच्या आवारात, जिथे बोअरचे पाणी आहे आणि शोषखड्डा बांधता येतो, तिथे दोन-चार ट्रेलरची सोय होऊ शकते. शेतकऱ्याला भाडेही मिळेल. जंगलाच्या हद्दीबाहेर, वीजजोडणीसह. घाटातल्या वळणांना तीस फूट झेपणार नाहीत हे मात्र खरे, आणि पावसाळ्यात दरडींचा माळशेज कोणीच धरू नये. आपल्याकडे बारा-चौदा फुटांचा ट्रेलर पुरे.

कोपरीकर

वीजजोडणीसह, नळासह, शेतकऱ्याच्या अंगणात. मग तो लॉज झाला, साहेब. तसे असेल तर माझी हरकत नाही.

नौपाडेकर

वाशीच्या ताईंचे वाचून घरात बराच वेळ कोणी काही बोलले नाही. आज जावयांशी बोलणे झाले. सहाऐवजी चौघे ट्रेलरमध्ये राहू, म्हणजे आम्ही दोघे, सासूबाई आणि जावई. बाकीचे उद्यानाबाहेरच्या एस्टेस पार्क गावात खोली घेतील. ट्रेलर बावीस फुटी पाहतो आहोत. घोडबंदरकर, यात तुमचे अर्धे म्हणणे मान्य झाले असे समजा, पण तंबूत आम्ही राहणार नाही, आणि ट्रेलरने उद्यानाची विटंबना होते हेही मला मान्य नाही.

ऐरोलीकरांना एक विचारायचे आहे: सीपॅपला इन्व्हर्टरवरून चालवण्याऐवजी थेट 12 व्होल्टवर जोडता येते का?

ऐरोली सेक्टर 8

बहुतेक यंत्रांना कंपनीची डीसी केबल मिळते. पण काही यंत्रे 24 व्होल्टवर चालतात, त्यांना 12 चे 24 करणारा कन्व्हर्टर लागतो. यंत्राच्या खालच्या पट्टीवर ‘इनपुट’ काय छापले आहे ते वाचून कळवा. थेट जोडल्याने इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वाचते. ती केबल इथूनच घेऊन, घरी गाडीच्या बॅटरीवर एक पूर्ण रात्र चालवून पाहा आणि मगच सामानात टाका. पंख्याचे 35 मात्र कुठेच जात नाहीत, तेव्हा दुसरी बॅटरी मागाच.

घोडबंदरकर

बावीस फुटांना माझी हरकत कमी आहे, जनरेटरला तेवढीच आहे. दुसरी बॅटरी मिळाली आणि जनरेटर घरी राहिला, तर मी त्या गावातल्या खोलीवाल्यांत येतो.