ओव्हनमधलं चिकन: ट्रेमध्ये पाणी साचतं, काय करू?

प्रश्न
नवऱ्याची साखर वाढल्यापासून रात्रीच्या जेवणात कर्बोदकं कमी ठेवतोय. कामावरून आल्यावर गॅसपाशी उभं राहण्याचं त्राण नसतं, म्हणून एकाच ट्रेमध्ये बोनलेस चिकन, मशरूम, झुकिनी घालून १८० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवते. पण ट्रेमध्ये पाणी साचतं, भाज्या लिबलिबीत होतात आणि चिकन मात्र कोरडं. रंगही येत नाही. काय बदलू?

उत्तर
मशरूम आणि झुकिनी दोन्ही पाण्याने भरलेल्या. त्याऐवजी फ्लॉवर किंवा ब्रोकोली घाला.

उत्तर
भाजी बदलाच, पण खरी मेख चिकनमध्येच आहे. छातीचे तुकडे नकोत, मांडीचे घ्या, हाडासकट आणि स्किनसकट. छातीचं मांस आतून ७४ अंशांच्या फार पुढे गेलं की चोथा होतो. मांडीचं उलट असतं. आतलं तापमान ८०-८५ पर्यंत गेलं की त्यातलं कोलॅजन (मांसातला चिवट भाग) विरघळतं आणि मांस मऊ पडतं. दहा मिनिटं जास्त राहिलं तरी बिघडत नाही. दमून आलेल्या माणसाला असंच चिकन हवं.

आता पाणी. तुकडे किचन पेपरने दाबून दाबून अगदी कोरडे करा. सकाळीच मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडे ठेवलेत तर स्किन आणखी सुकते. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. ओव्हन २१० अंशांवर पूर्ण तापल्यावरच ट्रे आत जाऊ दे. तुकडे एकमेकांना चिकटून ठेवले तर ते भाजत नाहीत, वाफवले जातात. स्किन वर, मध्ये बोटभर जागा. तेल, मिरपूड, लसूण पावडर पुरे. (ताजा लसूण एवढ्या आचेवर करपून कडू होतो.) ३५ ते ४० मिनिटं. फ्लॉवर मात्र पंधरा मिनिटांनी, चिकनची चरबी सुटू लागल्यावर घाला. त्या चरबीत त्याच्या कडा तपकिरी होतात ना, त्या मला चिकनपेक्षाही आवडतात.

तयार मॅरिनेडची बाटली घेताना लेबल वाचा, बऱ्याचदा साखर असते.

प्रश्नकर्ती
फ्लॉवरमध्ये कर्बोदकं नसतात का? आणि शिजलं हे कसं कळेल?

उत्तर
असतात, १०० ग्रॅममागे साधारण ५ ग्रॅम. बटाट्यात १७ च्या आसपास. नवऱ्याला इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणातला हा बदल डॉक्टरांच्या कानावर घाला, डोस तोच राहिला तर साखर फार खाली जाऊ शकते.

शिजलं की नाही ते रंगावरून ठरवू नका, साधा प्रोब थर्मामीटर घ्या. मांडीच्या सगळ्यात जाड भागात टोचा, पण टोक हाडाला टेकू देऊ नका, आकडा चुकतो. वर सांगितलेले ८०-८५ अंश दिसले की झालं.