जुन्या ऐरणीच्या भागांची नावे व उपयोग. तिचा माथा मशीनवर सपाट करून घ्यावा का?

खुरपे_विळा (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात मी कोल्हापुरातील एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या भंगारातून एक जुनी ऐरण विकत घेतली. तिच्या एका टोकाला निमुळते होत गेलेले शिंग आहे, शिंगाच्या बुडाशी माथ्यापेक्षा थोडी खाली बसलेली एक पायरी आहे आणि दुसऱ्या टोकाजवळ एक चौकोनी व एक गोल अशी दोन आरपार भोके आहेत. एका अंगाला इंग्रजी आकड्यांत १, २ आणि १४ असे कोरलेले आहे. माथा मध्यभागी सुमारे दोन मिलिमीटर खोलगट झाला असून कडांचे टवके उडाले आहेत, आणि पायरीवर तर छन्नीचे असंख्य घाव आहेत. मी संध्याकाळच्या वेळी घरच्या शेतीपुरती खुरपी व विळे करतो. एका मशीन शॉपने माथा व पायरी दोन्ही घासून नव्यासारखी करून देण्याची तयारी दाखवली आहे. ते करून घ्यावे का? आणि या प्रत्येक भागाचा नेमका उपयोग काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_निदेशक

माथा मशीनवर मुळीच घेऊ नका. अशा जुन्या इंग्रजी घडणीच्या ऐरणींचे अंग बहुधा मऊ घडीव लोखंडाचे असते आणि त्यावर जेमतेम अर्धा इंच जाडीची पोलादी पाटी तापवून, ठोकून सांधलेली व नंतर पाणी देऊन कडक केलेली असते. मशीनवर जो थर निघेल तो याच पाटीचा निघेल आणि तो पुन्हा मिळणार नाही. दोन मिलिमीटरचा खोलगटपणा हा दोष मानू नये. वाकडी सळई सरळ करताना ती सरळ रेषेच्या किंचित पलीकडे दाबावी लागते, आणि त्या कामाला हा खोलगट भागच सोयीचा पडतो.

ऐरणीचा प्रत्येक भाग सारखाच कडक नसतो, ही गोष्ट लक्षात घेतली की सगळे उपयोग आपोआप उलगडतात. माथा कडक असतो, कारण घाव शोषून न घेता तो परत हातोड्याकडे फेकणे हे त्याचे काम आहे. पायरी मुद्दाम मऊ ठेवलेली असते. तापलेली पट्टी छन्नीने आरपार तोडायची ती पायरीवर, म्हणजे छन्नीची धार मोडत नाही आणि माथ्यावर ओरखडा उमटत नाही. तुमच्या पायरीवरचे घाव पाहता आधीचा कारागीर शिस्तीचा होता असे मी म्हणेन. ते घाव तसेच राहू द्या.

शिंगही सहसा मऊच असते. त्यावर विळ्याचा बाक काढता येतोच, पण पट्टी लांबवण्यासाठीही ते उपयोगी आहे, कारण गोलाईवर घाव बसला की लोखंड रुंदीत न पसरता लांबीत सरकते. चौकोनी भोकाला वर्कशॉपमध्ये हार्डी होल म्हणतात. चौकोनी दांड्याची उभी छन्नी त्यात बसवली की एकट्या माणसाला सळई तोडता येते. मात्र तोडून होताच ती छन्नी काढून ठेवावी, कारण पुढच्या घावाला हात तिच्या धारेवर आपटू शकतो.

गोल भोक हे प्रिचेल होल. घोड्याच्या नालेला खिळ्यांची भोके पाडण्याच्या सुंब्याला प्रिचेल म्हणतात, त्यावरून हे नाव आले. भोक पाडताना आधी सपाट माथ्यावर एका बाजूने सुंबा ठोकावा. खाली टणक लागले की पट्टी उलटवावी. लाल पट्टीवर सुंब्याच्या जागी एक काळसर ठिपका दिसतो, कारण दोन कडक पृष्ठांमध्ये दबलेले लोखंड तिथे आधी थंड झालेले असते. तो ठिपका गोल भोकावर आणून पुन्हा सुंबा ठोकला की टिकली सुटून खाली पडते.

कडांचे टवके उडाले असतील तेथे ग्राइंडर हलक्या हाताने फिरवून तीन ते पाच मिलिमीटरची गोलाई द्यावी, पण माथा हाताला कोमट लागला की थांबावे. अति तापला तर पाणी उतरते, म्हणजे कडकपणा जातो. अगदी धारदार कड कामाच्याही हिताची नसते, कारण तिच्यामुळे पट्टीत खाच पडते आणि पुढे तिथूनच तडा जातो.

कोरलेले आकडे वजनाचे आहेत. पहिला ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा आणि तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १४, एकूण १८२ पौंड. सुमारे साडेब्याऐंशी किलो.

भाता_आणि_घण

वरील उत्तर अचूक आहे. माझे आजोबा बलुतेदारीच्या काळापासून गावची लोहारकी करीत. त्यांच्या ऐरणीला शिंग नव्हते, पायरी नव्हती, भोकही नव्हते. जमिनीत पुरलेल्या बाभळीच्या ओंडक्यात रोवलेला तो एक चौरस ठोकळा होता. आजोबा बसून काम करीत आणि समोर उभी राहून आजी घण मारीत असे. फाळ शेवटणे (त्याचे झिजलेले टोक पुन्हा घडवणे), कुऱ्हाड पाजवणे, खुरप्याचा दांडा वाकवणे ही सगळी कामे त्या ठोकळ्याच्या चार कडांवर होत, आणि चारही कडांची गोलाई वेगवेगळी होती हे मला फार उशिरा उमगले. म्हणून माझी विनंती अशी की सगळ्या कडा एकसारख्या घासू नयेत. एक बोथट ठेवावी, एक त्याहून कमी. गाडीलोहारांची ऐरणही लहान, बिनशिंगाची असते, आणि रस्त्याकडेला बसून ते तिच्यावर उत्तम कुऱ्हाडी घडवतात.

सांडशीवाला

एक सावधगिरीची सूचना. भोकांच्या बाजूचे टोक खालून मोकळे असते, आणि चौकोनी भोकामुळे तेथील अंग आणखी अशक्त झालेले असते. त्या टोकावर घणाचे जड काम करू नये. मी स्वतः थंडीच्या दिवसांत तसे केले आणि चौकोनी भोकातूनच ऐरणीचे टोक तुटून पडले. जड घाव नेहमी मधोमध, ऐरणीच्या कमरेच्या (मधल्या अरुंद भागाच्या) बरोबर वर घालावा. उंचीचे म्हणाल, तर उभे राहून हात सैल सोडल्यावर मुठीची बोटे जिथे टेकतील तिथे माथा यावा.

खुरपे_विळा

सर्वांचे मनापासून आभार. मशीन शॉपला नकार कळवला आहे. काल अडत दुकानातील काट्यावर ऐरण ८१ किलो भरली. कडकपणा पाहण्यासाठी बेअरिंगची पोलादी गोळी २५ सेंटिमीटरवरून माथ्यावर सोडून पाहिली. मध्यभागी ती २० सेंटिमीटरपर्यंत उसळली, पायरीवर मात्र निम्मीही नाही. शिंगाकडची एक कड बोथट केली आहे, दुसरी तशीच ठेवली आहे. आता बाभळीचा ओंडका शोधतो आहे.