ओबेद नाव कोणाच्या घरी आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे, सदरकडे राहतो. भाच्याचा बाप्तिस्मा जवळ आलाय आणि ताईने ‘ओबेद’ नाव धरून ठेवलंय. बायबलमधला ओबेद हा रूथ आणि बवाजचा मुलगा, इशायाचा बाप, म्हणजे दावीद राजाचा आजोबा. हिब्रूत अर्थ सेवक किंवा उपासक. दावीद, शमुवेल घरोघरी सापडतात, हा मात्र आमच्या चर्चच्या मंडळीत एकही नाही. मला तेच आवडलं! आईचं म्हणणं, लोक ‘उबेद’ ऐकतील. ते अरबी नावही त्याच धातूचं, त्यामुळे मला त्यात वावगं वाटत नाही. विदर्भात किंवा कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू) कुटुंबांत कोणी ओबेद माहीत आहे का? शाळेत, कागदपत्रांवर स्पेलिंगचा त्रास होतो का?