जपानी बोलणाऱ्या लेकीला आफ्रिकान्स कितपत जड जाईल?

नमस्कार मंडळी,

आम्ही सात वर्षं तोक्योत, निशि-कासाईला राहतोय. यजमानांची बदली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला झाली आहे. लेक नऊ वर्षांची, इथल्या सरकारी शाळेत जाते आणि जपानी मराठीपेक्षा सराईतपणे बोलते. तिकडे इंग्रजीच्या जोडीला आफ्रिकान्स घ्यावी लागेल असं कळलं. जपानी आणि आफ्रिकान्सचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं सगळेच सांगतात. म्हणजे पोरीला पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागणार का? दोन्ही भाषा जवळून पाहिलेलं कुणी आहे का इथे?

निशि-कासाईहून

*

ताई, नमस्कार.

मला जपानी जुजबी येते, नोकरीच्या निमित्ताने तीन वर्षं ओसाकाला होतो तेवढीच. आफ्रिकान्स मात्र गेली बावीस वर्षं कानांवर आणि जिभेवर आहे.

कुळ वेगळं, हे खरंच. आफ्रिकान्स ही सतराव्या शतकातल्या डच बोलींची लेक. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे, ठाणं मांडलं. तिथे डच शेतकरी, मलय आणि भारतीय गुलाम, तिथले मूळचे खोइखोइ लोक अशा सगळ्यांच्या तोंडी ती भाषा घासली गेली. १९२५ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला. जपानीचं घराणं सर्वस्वी निराळं. पण मुलाला घराणं शिकायचं नसतं, वाक्य शिकायचं असतं, आणि तिथे तुमच्या लेकीला काही गोष्टी आयत्या मिळणार आहेत.

पहिली म्हणजे क्रियापद. आपल्याकडे मी खातो, मी खाते, तू खातोस, तू खातेस, ते खातात. जपानीत सगळ्यांना एकच 'ताबेरु'. आफ्रिकान्समध्येही सगळ्यांना एकच 'इअत'. नामाला लिंगही नाही, 'दी' हे एकच उपपद पुरुषाला, बाईला, टेबलाला. डचमधला हा पसारा केपला झडून गेला. जर्मन शिकताना मुलांचे जे हाल होतात ते इथे नाहीत.

अडखळेल ती क्रियापदाच्या जागेवर. जपानीत क्रियापद मराठीसारखं शेवटी. आफ्रिकान्समध्ये साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागी येतं, पण भूतकाळ आला की मुख्य क्रियापद पुन्हा शेवटी जातं. 'एक हेत खिस्तर ब्रोअत खकोअप.' मधलं 'हेत' हे सहायक क्रियापद बाजूला ठेवा आणि उरलेलं वाचा: मी काल पाव विकत घेतला. क्रम जसाच्या तसा मराठी.

नकार दोनदा येतो, हे तिला आधीच सांगून ठेवा. 'एक प्रात नी आफ्रिकान्स नी', मी आफ्रिकान्स बोलत नाही. शेवटचा 'नी' विसरला की वाक्य अर्धवट वाटतं, शाळेत गुण जातात. आणि 'ग' दिसला की बहुतेक वेळा घशातून घासून 'ख' म्हणायचा. जपानी तोंडाला हे सगळ्यात जड. मराठी तोंडाला मात्र जमून जातं.

आता आकडे. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मुलाचं घोडं इथेच अडलं होतं. पंचवीसला आफ्रिकान्समध्ये 'फेइफ-एन-ट्विन्तख', म्हणजे पाच आणि वीस. ब्याण्णव म्हणजे दोन आणि नव्वद. एकक आधी, दशक नंतर, अगदी आपल्यासारखं. जपानीत उलट: पंचवीस म्हणजे 'नि-ज्यू-गो', दोन दहा पाच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. ते 'वीस पाच' वळणाने जपानीच्या जवळचं, आपलं 'पंचवीस' आफ्रिकान्सच्या. माझा मुलगा पाढे इंग्रजीतून शिकला होता. दुकानदाराने ब्याण्णव रँड सांगितले की एकोणतीस काढून द्यायचा. एके दिवशी मी त्याला बसवलं आणि एकवीस ते नव्याण्णव मराठीत म्हणून घेतले. बावीस, बत्तीस, बेचाळीस. दोनचा आवाज आधी येतोय हे त्याच्या कानाने धरलं आणि आठवड्याभरात गाडी रुळावर आली. म्हणून विनंती: लेकीचे मराठी आकडे सुटले असतील तर विमानात बसण्याआधी पक्के करून घ्या. जपानी आकडे तिला इथे उलट्या दिशेला नेतील.

एक सांगायला हवं. ही भाषा सगळ्यांना सारखी प्रिय नाही. १६ जून १९७६ ला सोवेटोत शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली ती आफ्रिकान्समधून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वेळी ही फक्त गोऱ्यांची भाषाही नव्हे. केपच्या मुस्लिम घरांत एकोणिसाव्या शतकात ती अरबी लिपीत लिहिली जात होती. लेकीला शेजारच्या आजींशी आफ्रिकान्समध्ये बोलावंसं वाटलं तर आधी त्यांना ती आवडते का, ते पाहू द्या.

प्रिटोरियाहून

*

दादांच्या मेलला माझी थोडी भर. मी नागासाकीत असते, त्यामुळे 'काडीचा संबंध नाही' हे वाचून राहवलं नाही.

काडीपुरता संबंध आहे, आणि तो माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १६४१ पासून दोन शतकांहून जास्त काळ डच व्यापारी इथल्या देजिमा या इवल्याशा बेटावर राहत होते. केपला ठाणं मांडणारा यान फान रीबेक त्याआधी कंपनीच्या नोकरीत देजिमालाही येऊन गेला होता. त्याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत.

म्हणून काही शब्द लेकीला ओळखीचे भेटतील. जपानी 'बीरु', आफ्रिकान्स 'बीर'. 'गारासु' आणि 'ख्लास', काच. 'बुरिकी' आणि 'ब्लिक', पत्रा. 'मेसु' म्हणजे इथे शस्त्रक्रियेची सुरी, कारण युरोपीय वैद्यक जपानात आलं ते डच पुस्तकांतून. तिकडे 'मेस' म्हणजे भाजी चिरायची साधी सुरी. लेक रोज पाठीला लावते ते 'रांदोसेरु' दप्तरसुद्धा डच 'रान्सल'वरून आलेलं आहे.

डचांच्या आधी पोर्तुगीज. त्यांचा 'पांव' आपल्याकडे पाव झाला, जपानात 'पान'. त्यांचा 'त्रोंकू' मराठीत तुरुंग झाला. आफ्रिकान्समध्ये तुरुंगाला काय म्हणतात, दादा? 'ट्रोंक' ना?

आणि हे राहूच नये. जपानीत मोठ्या माणसाला 'तू' किंवा 'तुम्ही' म्हणत नाहीत, नात्याने किंवा हुद्द्याने हाक मारून वाक्य पुरं करतात. आफ्रिकान्समध्ये काय करतात?

नागासाकीहून

*

ताई, 'ट्रोंक'च.

आणि तुमच्या प्रश्नाने मजा आणली. 'तुम्ही' साठी इथे 'यू' हा शब्द आहे, पण घरगुती बोलण्यात तो फार कोरडा वाटतो. वडीलधाऱ्या बाईला, ओळखीची असो-नसो, 'तान्नी' म्हणतात, पुरुषाला 'ओअम', आणि सर्वनामाच्या जागी तोच शब्द ठेवतात. 'विल तान्नी कॉफी हे?' काकूंना कॉफी हवी का? समोर काकूच बसलेल्या असतात. माझी आजी सोवळ्यात असताना वहिनीला म्हणायची, "मोठ्या सूनबाईंनी आता बसून घ्यावं." तेच हे.

प्रिटोरियाहून

*

सगळ्यांचे मनापासून आभार.

काल रात्री जेवताना लेकीला 'तान्नी'चं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे मिओच्या ओकाआसानसारखं?" मैत्रिणीच्या आईशी ती तसंच बोलते, 'आनाता', म्हणजे 'तुम्ही', कधी म्हणत नाही. मग आकडे घेतले. एकोणचाळीसपर्यंत बरी गेली, पुढे एकेचाळीस ते एकोणपन्नास साफ घसरली. फ्रिजवर तक्ता लावला आहे.

इथलं शालेय वर्ष मार्चअखेर संपतं आणि तिकडचं जानेवारीत सुरू होतं, म्हणजे ती वर्गात मधूनच जाऊन बसणार. दादा, तुमच्या मुलाची पहिल्या वर्षाची वाचनाची पुस्तकं अजून असतील तर आल्यावर घेऊन जाईन.

निशि-कासाईहून