रोमचा इतिहास वाचायला आधी लॅटिन शिकायलाच हवं का?

पानोपानी:
वर्षभर रोम वाचतोय. लिव्ही, टॅसिटस, स्वेटोनिअस हे लॅटिनमध्ये लिहिणारे रोमन लेखक, सगळे इंग्रजी अनुवादात. परवा एका जाणकारांनी सुनावलं, "लॅटिन येत नाही, मग मूळ साधनं वाचली असं म्हणू नका." मला हे अजिबात पटलेलं नाही. इ.स. 64 ची रोम शहरातली आग घ्या, सम्राट नीरोच्या काळातली. टॅसिटस सुरुवातीलाच सांगतो की हा अपघात होता की नीरोची करणी, याबद्दल लेखकांत दोन मतं आहेत. स्वेटोनिअस सरळ नीरोनंच शहर पेटवलं म्हणतो. दोन अनुवाद शेजारी ठेवले की हा फरक दिसतो. रोम जळताना फिडल वाजवत बसलेला, शाळेपासून डोक्यात बसलेला नीरो माझ्यापुरता तिथेच संपला.

दक्षिणवारा:
घटना कळायला अनुवाद पुरतो, मान्य. सत्ता समजून घ्यायला बसलात की गाडी अडते. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस, त्यानं आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त मागे ठेवला, तो अंकाऱ्यातल्या मंदिराच्या भिंतींवर आजही आहे. त्यात तो म्हणतो, 'ऑक्टोरिटास'मध्ये (पदाशिवायचा प्रभाव) मी सगळ्यांच्या वर होतो, 'पोतेस्तास' (पदाचा अधिकार) मात्र सहकाऱ्यांहून जास्त नव्हती. पहिल्या शब्दासाठी 'ऑथॉरिटी' वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर सही-शिक्का येतो. सही-शिक्का म्हणजे तर पोतेस्तास! वाक्याचा जीवच गेला.

पानोपानी:
अहो, पण हे तुम्ही मराठीत सांगितलंत आणि मला कळलं. एक चांगली तळटीप हेच काम करते.

जुनीवही:
त्या पहिल्या शब्दाचीच गोष्ट ऐका. अंकाऱ्याच्या लॅटिन मजकुरात नेमका तो शब्द झिजून गेला होता. शेजारी ग्रीक अनुवाद होता, त्यात 'अॅक्सिओमा', म्हणजे प्रतिष्ठा. त्यावरून जर्मन इतिहासकार मॉमसेननं लॅटिनमध्ये 'डिग्निटास' (प्रतिष्ठा) भरला. मॉमसेन म्हणजे रोमन इतिहासाच्या अभ्यासातला डोंगराएवढा माणूस! पुढे पिसिडियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) अँटिऑकला दुसऱ्या प्रतीचे तुकडे सापडले आणि तिथे निघालं 'ऑक्टोरिटास'. अनुवादावरून मूळ गाठताना तोही चुकला, तिथे आपण कोण?

पानोपानी:
मी याचा उलटा अर्थ लावतो. तो ग्रीक अनुवाद रोमन साम्राज्यातच झाला, तिथल्याच प्रजेसाठी. म्हणजे पूर्वेकडच्या हजारोंनी ऑगस्टसला अनुवादातच वाचलं. अनुवादात काय हरवलं, हाही रोमचाच इतिहास आहे.

दक्षिणवारा:
हा मुद्दा चांगला आहे. पण डिओ कॅसिअस स्वतः रोमन सिनेटर, लिहायचा ग्रीकमध्ये. तो ऑक्टोरिटासबद्दल स्पष्ट म्हणतो की याला ग्रीकमध्ये एकच एक प्रतिशब्द देणं अशक्य आहे. ज्याला दोन्ही भाषा येत होत्या त्यानं हात टेकले. म्हणून निदान दहा-वीस शब्द तरी मुळातून शिका, एवढंच म्हणणं आहे.

जुनीवही:
मराठीत 'वजन' चालेल का? 'त्यांच्या शब्दाला वजन आहे' म्हणतो तसं. पद नाही, तरी सगळे ऐकतात.

पानोपानी:
'वजन' आवडलं. दहा-वीस शब्दांची अटही मंजूर. पोतेस्तास, इम्पेरिअम (हुकूम देण्याचा अधिकार), प्रिन्सेप्स (पहिला नागरिक) यांपासून सुरू करतो. टॅसिटस मात्र तोवर बंद ठेवणार नाही.

दक्षिणवारा:
'वजन'मध्ये धाक येत नाही. ऑगस्टसच्या मागे सैन्य होतं.