मदत हवी आहे: इन्स्टॉलरला एसएएस कार्डावरची एकही डिस्क दिसत नाही

रॅकवाला: जुनं एसएएस कार्ड (सर्व्हरच्या डिस्क जोडायचं), ८ डिस्क. सेंटओएस ७ वर नीट चालत होतं. त्याच मशीनवर नवीन लिनक्स टाकतोय तर डिस्क गायब. बूट होताना कार्डाच्या बायोसमध्ये आठही दिसतात. केबल, स्लॉट बदलून झाले. लवकर सांगा, आज उरकायचंय.

कर्नलकर: कार्ड कुठलं? "नवीन लिनक्स" म्हणजे कुठलं? इन्स्टॉलरच्या शेलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' (कार्डांचे आयडी आणि ड्रायव्हर दाखवणारी कमांड) चालवा आणि आयडी व ड्रायव्हरची ओळ इथे टाका.

झेडएफएसप्रेमी: कार्डावर आयटी फर्मवेअर (डिस्क जशाच्या तशा सिस्टिमला देणारं) मारा, प्रश्न मिटेल. पी२० आवृत्तीमधलं २०.००.०७.०० च घ्या, सुरुवातीचं पी२० नको.

रॅकवाला: एलएसआय ९२११-८आय, १०००:००७२. ड्रायव्हरची ओळच नाही. डिस्ट्रो आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) ९ च्या घराण्यातलं.

डेटापाल: मग फ्लॅश करून काय होणार? या कार्डाचा आयडी आयआर (रेड, म्हणजे डिस्कचा गट करणारं फर्मवेअर) आणि आयटी दोन्हींत ००७२ च राहतो. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे एमपीटी३एसएएस मॉड्यूल, आहे, पण आरएचईएल ८ पासून त्यातून एसएएस२००८ चा (या कार्डावरच्या चिपचा) आयडी काढलाय. मूळ कर्नलमध्ये तो आहे, म्हणून डेबियनवर हेच कार्ड चालतं.

ईएलरिपोची (आरएचईएलसाठी जादा ड्रायव्हर देणारी रिपॉझिटरी) 'डीडी-एमपीटी३एसएएस' ही ड्रायव्हर डिस्कची आयएसओ घ्या, नेमकी तुमच्याच मायनर आवृत्तीची, आणि पेनड्राइव्हवर लिहा. बूट मेनूत 'ई' दाबून 'लिनक्स' वाल्या ओळीच्या शेवटी 'आयएनएसटी.डीडी' जोडा, मग कंट्रोल-एक्स. पुढच्या यादीतून पेनड्राइव्ह निवडा. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूल लोड होणार नाही. ते बंद करा, नाहीतर ईएलरिपोची सही तपासायची की 'मोकयुटिल' कमांडने आधी नोंदवा.

झेडएफएसप्रेमी: आयआर फर्मवेअरवर झेडएफएस (फाइल सिस्टिम) चालवणं चूकच. फ्लॅश कधीतरी करावंच लागेल.

डेटापाल: करा की, पण त्याने इन्स्टॉलरला डिस्क दिसणार नाहीत. विचारलंय ते हे.

बिटबहाद्दर: एवढा खटाटोप कशाला? अल्मालिनक्स (आरएचईएलच्याच घराण्यातलं) ९.४ पासून हे काढलेले आयडी परत घातलेत. तेच टाका.

साठवणकार: ८ डिस्कना रेड ५ अजिबात नको, रेड ६ घ्या.

रॅकवाला: रेडचं विचारलंच नाही. डीडीने आठही दिसल्या. रूटही (सिस्टिम जिथे आहे तो भाग) याच कार्डावर आहे. कर्नल अपडेट झाल्यावर काय?

डेटापाल: ईएलरिपोची रिपॉझिटरी चालू ठेवा आणि मायनर अपग्रेडबरोबर केमॉडही (ईएलरिपोचं ड्रायव्हर पॅकेज) अपडेट करा. रीबूटआधी नव्या कर्नलच्या इनिटरॅमएफएसवर (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी फाइल) 'एलएसइनिटआरडी' चालवून पाहा: एमपीटी३एसएएस 'एक्स्ट्रा' किंवा 'वीक-अपडेट्स' फोल्डरमधून आलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर त्या कर्नलसाठी 'ड्राकट -एफ' करून ती फाइल पुन्हा बनवा. जुना कर्नल काढू नका.