हिरड्यांतून रक्त येतं, ब्रश थांबवावा का?

प्रश्न: खालच्या पुढच्या दातांपाशी रोज रक्त दिसतं. तिथे ब्रश टाळू का? स्केलिंगने (दातांवरचा कडक थर, म्हणजे कीटण, दंतवैद्याने काढल्याने) दात हलतात हे खरं का?

उत्तर: टाळू नका! हिरडीच्या कडेला साचलेल्या जिवाणूंच्या थरामुळे सूज येते, म्हणून रक्त. मऊ ब्रश ४५ अंशांत हिरडीकडे तिरका धरा, हलकेच फिरवा. दिवसातून दोनदा, २ मिनिटं. फटींसाठी इंटरडेंटल ब्रश. २ आठवड्यांत थांबलं नाही तर दंतवैद्य गाठाच.

उत्तर: खालच्या पुढच्या दातांपाशी आतून लाळग्रंथी उघडतात, त्यामुळे कीटण लवकर धरतं. ते ब्रशने निघत नाही. स्केलिंगने दात सैल होत नाहीत; हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाचा आधार गेल्यावर दातांचं हलणं जाणवतं.

उत्तर: मिश्री लावत असाल तर कृपया सोडा. तंबाखूमुळे रक्त कमी दिसतं, आजार मात्र वाढतो. मधुमेहानेही हिरड्यांचा आजार वाढतो, म्हणून रक्तातली साखरही तपासा.